ऑर्किडसाठी स्लॉटेड अँगलचा रॅक: सोलापुरातील घराच्या दृष्टीने एक परीक्षण

औषधांच्या दुकानात, साड्यांच्या दुकानामागच्या खोलीत आणि चादरी-टॉवेलच्या गोदामांत जो राखाडी रंगाचा, छिद्रांच्या लोखंडी पट्ट्यांचा आणि नट-बोल्टांनी जोडलेला रॅक सोलापुरात सर्वत्र दिसतो, तोच रॅक घरातील वाढत्या ऑर्किड-संग्रहासाठी कितपत उपयोगी पडतो, याचे हे परीक्षण आहे. मी वापरत असलेला रॅक ६ फूट उंच, ३ फूट रुंद आणि १५ इंच खोल असून त्याला पाच फळ्या आहेत. त्यातील तीन खणांना एलईडी पट्ट्या लावल्या आहेत. माझे मत आरंभीच सांगतो. नोकरी सांभाळून दोन खोल्यांच्या घरात ऑर्किड जोपासणाऱ्या सोलापूरकरासाठी या किमतीत याहून योग्य वस्तू मला दिसलेली नाही. मात्र तो जसा दुकानात मिळतो तसाच आणून उभा केला, तर त्याचा निम्माच उपयोग होतो. आणि खणांची वाटणी कुंड्यांच्या शोभेवरून न करता रोपांच्या तहानेवरून केली, तरच त्याने वेळ वाचतो.

ऑर्किड घरात घेण्याची वेळ येथे का येते, हे सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि गच्चीवरून येणारा गरम वारा फॅलेनॉप्सिससारख्या जाड पानांच्या ऑर्किडलाही दोन-तीन दुपारींत भाजून काढतो. पश्चिमेच्या गॅलरीत तर मार्चअखेरीसच पानांवर पांढुरके, कोरडे डाग पडतात. रोप घरात आणले की उन्हाचा प्रश्न सुटतो. पण उजेडाचा प्रश्न उभा राहतो. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणाऱ्या दिवाणखान्यात खिडकीपासून दूर जेमतेम काहीशे लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. फॅलेनॉप्सिसला चांगल्या वाढीसाठी साधारण १०,००० ते १५,००० लक्स लागतो, तर कॅटलिया आणि डेंड्रोबियम या ऑर्किडच्या प्रकारांना त्याच्या दुपटीपर्यंत. पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर चार-पाच कुंड्या मावतात. त्यानंतर आणलेली रोपे फ्रिजवर, टीव्हीच्या शेजारी, देवघराच्या कट्ट्यावर अशी घरभर विखुरतात, आणि मग प्रत्यक्ष पाणी घालण्यापेक्षा त्यांच्यामागे फिरण्यात अधिक वेळ जातो. कोणत्या तरी कोपऱ्यातील एक कुंडी दर आठवड्याला राहून जाते, आणि ती नेमकी सर्वांत नाजूक असते.

रॅक घेताना पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. पण त्या आधी पाहाव्यात. फळीचा पत्रा २० गेजचा घ्यावा. २२ गेजचा स्वस्त पडतो. परंतु ओल्या कुंड्यांखाली तो मध्यभागी दबतो आणि त्या खळग्यात पाणी साचते. (गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे नव्या ग्राहकाने लक्षात ठेवावे.) पायांना प्लास्टिकचे बूट असावेत, कारण जुन्या घरांतील शहाबादी फरशी क्वचितच समपातळीत असते, आणि उघडे लोखंड फरशीवर गंजाचे डाग सोडते. सहा फुटी रॅक भिंतीला एका क्लॅम्पने बांधून घ्यावा. घरात लहान मूल असल्यास ही अट समजावी. पावडर कोटिंग चांगले असले, तरी कापलेल्या कडांवर आणि बोल्टच्या छिद्रांत ते पुष्कळदा नसते. गंजाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून जोडणीपूर्वी त्या जागांवर रेड ऑक्साइडचा हात मारून घेतल्यास पुढे त्रास होत नाही.

दुकानातून आलेल्या रॅकमध्ये सर्वांत मोठा बदल करावा लागतो तो फळ्यांचा. पत्र्याची सलग फळी कापडाच्या गाठोड्यांसाठी ठीक आहे; ऑर्किडसाठी ती अडचणीची ठरते. बहुतेक ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढणारे आहेत. त्यांच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे आवरण असते, जे पाणी झटकन शोषते, पण त्यानंतर त्याला हवा मिळालीच पाहिजे. सलग पत्र्यावर ठेवलेल्या कुंडीच्या तळाशी हवा खेळत नाही, आणि मुळे खालून कुजू लागतात. म्हणून दोन फळ्यांच्या जागी वेल्डमेशची जाळी चौकटीत बसवून घेतली आणि उरलेल्या फळीवर प्लास्टिकचा खोल ट्रे ठेवून त्यात जाळीचा तुकडा टाकला. जाळीच्या खणातून पाणी खालच्या खणातील पानांवर ठिबकते, हा त्याचा दोष आहे. त्यामुळे जाळी असलेल्या खणातील कुंड्या पाण्यासाठी उचलून मोरीत न्याव्या लागतात. ट्रेचा खण या बाबतीत सोयीचा, जाळीचा खण मुळांसाठी चांगला. दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

उजेडाचा हिशेब मी कागदावर मांडला आणि तो उपयोगी पडला. बाजारात सहज मिळणारी ४ फुटी, २० वॅटची एलईडी ट्यूब ३ फुटी रॅकमध्ये बसतच नाही, ती दोन्ही बाजूंनी बाहेर येते. २ फुटी, १० वॅटची पट्टी बसते आणि साधारण १,००० ल्यूमेन उजेड देते (एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की एक लक्स होतो). खणाचे क्षेत्रफळ सुमारे ०.३५ चौरस मीटर आहे. तीन पट्ट्यांचा सर्व उजेड खणावरच पडला असे धरले, तरी सरासरी साडेआठ हजार लक्सच्या आसपास मिळते. प्रत्यक्षात बराचसा बाजूंनी निसटतो. म्हणजे एका खणाला एक पट्टी लावून ‘ग्रो लाइट बसवला’ असे समाधान मानण्यात अर्थ नाही. खणाला तीन पट्ट्या, पानांपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मागे आणि बाजूंना पांढरे सनबोर्ड, आणि रोज १२ तास, इतके केले तर फॅलेनॉप्सिस व्यवस्थित फुलते. जांभळ्या-गुलाबी प्रकाशाच्या पट्ट्यांची गरज नाही. साध्या पांढऱ्या, ४,००० ते ६,५०० केल्विनच्या पट्ट्या रोपांना पुरतात, शिवाय त्या प्रकाशात पानावरची कीड डोळ्यांना दिसते. गुलाबी प्रकाशात ती लपून जाते. तीन खणांच्या नऊ पट्ट्या मिळून ९० वॅट होतात, म्हणजे १२ तासांत १ युनिटाहून किंचित अधिक आणि महिन्याला सुमारे ३२ युनिट. ज्यांचे बिल १०० युनिटांच्या टप्प्याच्या काठावर असते, त्यांनी हा आकडा आधीच विचारात घ्यावा. टायमर बॅटरीचा, डिजिटल घ्यावा. चकती फिरणारा टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि दिवसाचे वेळापत्रक तेवढेच पुढे ढकलतो.

आता मुख्य मुद्दा. रॅक आणल्यावर बहुतेक जण फुललेली रोपे डोळ्यांसमोरच्या खणात आणि न फुललेली खाली ठेवतात. दिसायला ते छान असते, परंतु एकाच खणात रोज पाणी मागणारे आणि आठवड्याने पाणी मागणारे रोप शेजारी आले की प्रत्येक कुंडी स्वतंत्र तपासावी लागते, आणि रॅकने वाचवलेला वेळ तेथेच खर्च होतो. त्याऐवजी वरच्या खणात, जिथे घरातील उष्णता साठते आणि कुंड्या लवकर कोरड्या होतात, तिथे कॅटलिया आणि फॅलेनॉप्सिससारख्या फुलांचे संकरित डेंड्रोबियम ठेवावेत. त्यांच्या फुगीर खोडांत, म्हणजे आभासी कंदांत, पाण्याचा साठा असतो; कोळशाच्या व कौलाच्या मोठ्या तुकड्यांत लावलेली ही रोपे कोरडेपणा सहन करतात, किंबहुना दोन पाण्यांमध्ये त्यांना तो हवाच असतो. मात्र त्यांच्या फुलांसाठी या खणात चौथी पट्टी लावणे भाग आहे; तेवढ्यानेही सर्वच कॅटलिया फुलतील असे नाही, ज्यांना खिडकी देता येते त्यांना ती द्यावी. मधल्या खणात फॅलेनॉप्सिस. त्याला आभासी कंद नसतो, साठा असतो तो केवळ पानांत आणि मुळांत, त्यामुळे ते फार काळ कोरडे राहू नये आणि सतत ओलेही राहू नये. खालच्या, तुलनेने थंड खणात पॅफिओपेडिलम आणि मखमली पानांचे ल्युडिसिया. यांना कमी उजेड चालतो, पण माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेले मिश्रण, ओलसर लागते. अशी वाटणी केली की कुंडी न कुंडी तपासावी लागत नाही. प्रत्येक खणात एक पारदर्शक कुंडी साक्षीदार म्हणून ठेवावी: मुळे रुपेरी-पांढरी दिसली तर त्या संपूर्ण खणाला पाणी, हिरवी दिसली तर थांबावे. (खालच्या खणातील रोपांची मुळे असा रंग बदलत नाहीत, तिथे कुंडीतून माध्यमाचा ओलावा पाहावा.) ऑफिसला निघण्यापूर्वी तीन कुंड्यांवर नजर टाकणे एवढेच रोजचे काम उरते, आणि खरे पाण्याचे काम आठवड्यातून दोन सकाळी निभावते.

ही व्यवस्था चालण्यासाठी एका खणातील रोपांचे माध्यमही सारखे असावे लागते. नर्सरीतून येणारे फॅलेनॉप्सिस पुष्कळदा स्फॅग्नम मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) घट्ट गोळ्यात असते. त्याच्या शेजारी नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत लावलेले रोप ठेवले, तर दोघांना एकाच दिवशी पाणी देता येत नाही. फुले ओसरल्यावर मॉस काढून सर्व फॅलेनॉप्सिस एकाच मिश्रणात आणणे हेच वेळ वाचवण्याचे खरे काम आहे. सोडणाचे तुकडे वापरण्यापूर्वी काही दिवस भिजवून, पाणी बदलत राहावे, कारण त्यांत क्षार असतात.

क्षारांचा विषय निघाल्यावर सोलापूरच्या पाण्याविषयी बोलावेच लागते. नळाला पाणी काही दिवसांआड येते, साठवणीत भर घालणारे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, आणि कुंडीच्या काठावर जमणारा पांढरा थर हा त्याचा पुरावा आहे. व्हेलामेनवर तो थर बसला की मुळाचे टोक काळे पडते आणि थांबते. आरओचे शुद्ध पाणी वापरावे. त्याच्या दुसऱ्या नळीतून येणारे टाकाऊ पाणी मात्र ऑर्किडला कधीही घालू नये, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीचे पाणी आणि गच्चीवरून स्वच्छ पकडलेले पावसाचे पाणी उत्तम. येथे वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरच्या आसपास येतो, म्हणून झाकणाचे दोन ड्रम असतील तर तेच दिवस साठवणुकीचे. रॅकचा सर्वांत खालचा, दिव्याविना खण मी पाण्याच्या कॅनसाठीच राखला आहे. वजन तळाशी आल्याने रॅकही स्थिर राहतो.

खताच्या बाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांमुळे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ आणि कॅल्शियम नायट्रेट सहज मिळते, आणि ‘ऑर्किड स्पेशल’ नावाच्या छोट्या, महाग पुड्या मागवाव्या लागत नाहीत. अर्धा ग्रॅम प्रति लिटर, एवढे पातळ खत पाणी घालण्याच्या बहुतेक वेळी आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माध्यम धुऊन काढणे पुरेसे होते. आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसते, म्हणून आलटून पालटून कॅल्शियम नायट्रेट द्यावे. ते दुसऱ्या खताच्या तीव्र द्रावणात एकत्र करू नये, फॉस्फेटशी मिळून त्याचा साका तळाशी बसतो. ठिबकवर खत सोडणाऱ्या कोणत्याही बागायतदाराला हे ठाऊक असते.

उन्हाळ्यात रॅक कोणत्या खोलीत ठेवावा, याचे माझे उत्तर ठाम आहे: जिथे कूलर आहे त्या खोलीत. एसी हवा गार करतो, पण कोरडीही करतो. खिडकीतला कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत ओढतो, त्यामुळे खोलीचे तापमान बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी उतरते, आर्द्रता वाढते आणि हवा सतत हलती राहते. ऑर्किडला यापैकी तिन्ही गोष्टी हव्या असतात. कूलरचे पाणी जड असले तरी चालते, कारण क्षार पॅडवरच राहतात. याउलट बारीक तुषार उडवणारे अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर नळाच्या पाण्यावर चालवले, तर तेच क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पानांवर, पट्ट्यांवर आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसतात. सोलापुरात हे यंत्र घेऊ नये, घेतलेच तर केवळ आरओच्या पाण्यावर चालवावे. कूलरचा झोत थेट रॅकवर न ठेवता समोरच्या भिंतीकडे वळवावा. मे महिन्यातील तापलेल्या संध्याकाळी पट्ट्यांची उष्णता नको असते, म्हणून त्या काळात टायमर पहाटे ४ ते दुपारी ४ असा लावल्यास निदान संध्याकाळ लवकर थंडावते.

हिवाळा मात्र येथे ऑर्किडला अनुकूल आहे, आणि त्याचे श्रेय सोलापूरला पुरेसे दिले जात नाही. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढण्यासाठी काही आठवडे थंडावा लागतो. सततच्या २८ अंशांवरील उष्णतेत ते केवळ पानेच काढत राहते. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरतात. त्या दिवसांत रॅकजवळची खिडकी रात्री उघडी ठेवली, की संक्रांतीच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास पानांच्या बेचक्यातून हिरवे दांडे डोकावू लागतात. समुद्राकाठच्या उबदार, दमट हवेत ज्यासाठी एसीचा आधार घ्यावा लागतो, ते येथे वीज न खर्च करता होते.

याच टप्प्यावर रॅकचा एक खरा दोष समोर येतो. खणाची उंची १८ इंच, आणि मोठ्या जातीच्या फॅलेनॉप्सिसचा दांडा दोन फूटही जातो. खण उंच केला तर उजेड पानांपासून लांब जातो, खण तसाच ठेवला तर कळ्या पट्टीला टेकतात. स्लॉटेड अँगलची छिद्रे इथे उपयोगी पडतात, फळी काही मिनिटांत वरखाली होते. तरीही पूर्ण उत्तर मिळत नाही. दांडा कोवळा असतानाच तारेच्या आधाराने रॅकच्या बाहेर, पुढच्या बाजूला झुकवत नेणे, आणि पहिली फुले उमलली की रोप दिवाणखान्यात मांडणे हा मार्ग मी स्वीकारला आहे. कळ्या वाढत असताना रोपाची दिशा बदलू नये, नाही तर फुले वेडीवाकडी तोंडे करतात. मार्चच्या कोरड्या हवेत कळ्या गळण्याचा धोका असतो, त्यामुळे दांडा आलेली रोपे त्या वेळी खालच्या खणाकडे सरकवणे हितकारक ठरते.

जागेचे म्हणाल, तर ३ फूट बाय १५ इंचाच्या खणात पूर्ण वाढलेली पाच-सहा फॅलेनॉप्सिस पाने एकमेकांवर न चढता राहतात. लहान जातीची दुप्पट. आणखी कोंबता येतात, पण दाटीचा परिणाम पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्या रूपाने दिसतो. एका पानावरून दुसऱ्यावर जायला त्यांना वाट मिळते, आणि उन्हाळ्यात लाल कोळीही त्याच वाटेने पसरतो. म्हणून नवे रोप थेट रॅकवर ठेवू नये. काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून पानांची खालची बाजू आणि बेचके तपासावीत. सर्व कुंड्या एकाच बादलीत बुडवून काढण्याची पद्धत झटपट असली, तरी रोग एका रोपातून सगळ्यांत नेणारी आहे, आणि सिम्बिडियम मोझॅक विषाणूसारख्या रोगावर औषध नाही. वेळेची बचत येथे करू नये. छाटणीची कात्री प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर धरावी, हे त्याच कारणाने.

काचेचे बंद कपाट हा दुसरा पर्याय आहे, आणि ते दिसायला रॅकपेक्षा निश्चितच देखणे असते. आर्द्रता त्यात टिकते. परंतु आत पंखा नसेल तर बुरशी लागते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पट्ट्यांसह बंद काच म्हणजे भट्टी. कूलरची ओली हवा त्यात शिरतही नाही. लहान आकाराच्या, दमट जंगलातील जातींचा संग्रह आणि बारा महिने एसीची खोली असेल, त्यांनी कपाटाचा विचार करावा. ऑनलाइन मिळणारे लाकडी किंवा पातळ पाइपचे तयार प्लांट स्टँड खिडकीजवळच्या चार कुंड्यांसाठी ठीक असतात. त्यांच्या फळ्यांची उंची बदलता येत नाही आणि पट्ट्या बांधायला जागा नसते, त्यामुळे वाढत्या संग्रहाला ते पुरे पडत नाहीत.

व्हँडा या प्रकारचे ऑर्किड जमवणाऱ्यांसाठी मात्र हा रॅक नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. व्हँडाची मुळे माध्यमाविना, मोकळी लोंबती राहतात, त्यांना भरपूर उजेड आणि उन्हाळ्यात रोज पाणी लागते. खणात त्यांची ना मुळे मावतात, ना त्यांचा उजेडाचा वाटा भागतो. त्याच कुळातील आपली सीतेची वेणी, जिच्या गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, तिचीही गरज तीच. (सह्याद्रीतल्या झाडांवरून ती ओरबाडून आणू नये, नर्सरीत वाढवलेली रोपे मिळतात आणि तीच घरात टिकतात.) अशा रोपांना पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलला टांगून, सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत पाणी फवारून, एप्रिलपासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधणे योग्य. ज्यांच्याकडे मुख्यतः हीच रोपे आहेत, त्यांनी रॅकचे पैसे ग्रिल आणि शेडनेटवर खर्च करावेत.